मोठ्याने मोजलेल्या बैठका

जबलपूरच्या ओमतीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, वळणं तीन. गॅसवाला भैया टंकी खालीच ठेवून जातो आणि मग आमचे हे ती वर आणतात. (जबलपूरची मराठी माणसं सिलिंडरला टंकीच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना कितीही हसू येवो.) १४.२ किलो गॅस आणि साधारण पंधरा किलोचं लोखंड, म्हणजे तीस किलोच्या आसपास ओझं. खाली एक मोठा श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि वर पोचेपर्यंत तो सोडायचा नाही, ही ह्यांची पद्धत. दारात टंकी टेकली की मग "हूं" करून सगळी हवा बाहेर. चेहरा लालबुंद, मानेची शीर टरारलेली. रक्तदाबाची गोळी सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांना तरुणपणचा आखाडा आठवला. पुन्हा दंड-बैठका सुरू करतो म्हणाले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे "नको" म्हणण्याऐवजी "मोजून बघू" म्हटलं. डॉक्टरांनीही करा म्हणून सांगितलं, फक्त दम कोंडायचा नाही एवढी अट घातली. त्या हिवाळ्यात समोरच्या खोलीत आम्ही जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांचा रक्तदाब थोडा चढा आहे, गोळीने ताब्यात आहे किंवा पुढे चढेल अशी भीती आहे आणि तरी ज्यांना हातापायांत ताकद हवी आहे, त्यांच्यासाठी ही कृती.

साहित्य

दंडावर पट्टा बांधायचं आपोआप मोजणारं यंत्र. मनगटावरचं नको, त्याचा भरवसा कमी. सेकंदकाट्याचं घड्याळ, वही, पाठ असलेली भक्कम खुर्ची, मोकळी भिंत, जुना टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्या (एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचं वजन, याहून स्वस्त डंबेल मिळणार नाही). आणि एक माणूस, जो वाद न घालता आकडे लिहून घेईल. आमच्याकडे ती मी.

पट्ट्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजा. यंत्रासोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो, ते आकडे पट्ट्यावर छापलेले असतात. आखाड्यातल्या माणसाचा दंड त्यात बसत नाही, आणि पट्टा तोकडा पडला की यंत्र रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. पहिला आठवडाभर आम्ही उगाच घाबरून बसलो होतो. मोठा पट्टा आणल्यावर आकडे शहाण्यासारखे वागू लागले. दंड कमावल्याचा दंड, असं हे म्हणाले.

पहिली पायरी: कोणी सुरूच करू नये

बसून मोजलेला दाब १८०/११० च्या वर असेल तर ही कृती बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. १६०/१०० च्या वर असेल तर आधी औषध बसवून घ्या, मग या. चालताना छातीत दाटत असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, झडप अरुंद झाली असेल, महारोहिणी फुगलेली असेल, मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल किंवा काचबिंदू असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय जोर लावायचा नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आठ आठवड्यांनी आकडे छान दिसू लागले तरी नाही.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढणार नाही, कारण गोळीचं कामच ते. अशांनी नाडी मोजून "मला श्रमच होत नाहीत" असा समज करून घेऊ नये.

दुसरी पायरी: आधीचा आठवडा

व्यायामाला हात न लावता सात दिवस फक्त मोजायचं. सकाळी गोळी आणि चहा यांच्या आधी, आणि रात्री जेवणापूर्वी. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी किंवा तंगडीवर तंगडी न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा हृदयाच्या पातळीत हवा. हात टेबलाखाली लोंबकळत ठेवला तर दर दहा सेंटिमीटर खाली जाण्याला सात-आठ अंक फुकट वाढतात. तो रक्ताच्या स्तंभाचा भार असतो, हृदयाचा त्यात काही दोष नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही लिहायचे. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्यावर जास्त येईल तोच दंड पुढे कायम ठेवा.

मोजताना बोलायचं नाही, हे आमच्या घरात सर्वांत अवघड गेलं. समोरची खोली रस्त्यावर, घंटाघराकडची सगळी वाहनं आमच्या खिडकीखालून भोंगे वाजवत जाणार, आणि प्रत्येक भोंग्यावर ह्यांचं काही ना काही मत असणार. शेवटी खुर्ची मागच्या खोलीत नेली.

पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर रक्तदाब चढा समजतात. दवाखान्यातली रेघ १४०/९० वर असते, घरी माणूस थोडा निवांत असतो म्हणून इथे पाचाने खाली.

तिसरी पायरी: आत काय होतं ते समजून घेणं

ही पायरी हातपाय न हलवता करायची आहे, पण ती गाळली तर पुढचं सगळं केवळ कवायत होईल.

पावसाळ्यात ओमती नाला फुगतो तो दोन कारणांनी. वरून पाणी जास्त आलं तर फुगतो, आणि पाणी तेवढंच असून पुढची मोरी तुंबली तरी फुगतो. रक्तदाबाचंही तसंच. हृदय मिनिटाला किती रक्त लोटतं ही एक बाजू, पुढच्या वाटा किती मोकळ्या ही दुसरी. रस्त्याने भरभर चालताना हृदय जास्त रक्त लोटतं, पण पायांतल्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात उघडतात. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा जवळपास जागच्या जागी राहतो, कधी थोडा उतरतोही. वजन उचलताना गोष्ट बदलते. आवळलेला स्नायू स्वतःच्या पोटातल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. लोट वाढतो आणि मोरीही तुंबते. म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही आकडे चढतात.

त्यात तिसरी भर पडते ती कोंडलेल्या दमाची. घसा बंद करून जोर लावला की छातीतली हवा सगळीकडून दाबली जाते आणि तो दाब छातीतल्या मोठ्या रोहिणीतून थेट पुढे जातो. आकडा क्षणात वर. दम तसाच धरून ठेवला तर छातीकडे परतणारं रक्त अडतं, हृदयाला पुरेसं रक्त मिळत नाही, दाब खाली येऊ लागतो आणि नाडी धावू लागते. सोडल्यावर आधी एक घसरण, मग उसळी. जड उचल करून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते ती या घसरणीची. या खेळाला इटलीच्या वाल्साल्व्हा नावाच्या शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला, त्यात नाक-तोंड मिटून हवा दाबण्याची युक्ती सांगितली, आणि कानाच्या युक्तीचं नाव पुढे हृदयाच्या दवाखान्यात गेलं. बद्धकोष्ठाचा माणूस रोज सकाळी हीच युक्ती करत असतो.

आकडे किती चढतात? १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठव करणाऱ्या पाच तरुणांच्या दंडातल्या रोहिणीतच नळी घालून दाब मोजला. दोन्ही पायांनी वजन ढकलताना, आता एकही होणार नाही या टोकापर्यंत गेल्यावर, सरासरी ३२०/२५० आली. एकाचा आकडा ४८०/३५० च्याही पुढे गेला. एका हाताने वजन दुमडून वर आणण्याच्या साध्या व्यायामातही, टोकापर्यंत नेल्यावर, २५५/१९० झाले. ती निरोगी, सरावाची पोरं होती आणि तो दाब काही सेकंदांचा होता. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. शेवटची उचल संपल्यावर दहाएक सेकंदांत दाब मूळ जागी किंवा त्याच्याही खाली आला होता.

म्हणजे आपलं घरचं यंत्र हे शिखर कधीच पकडू शकत नाही. पट्टा फुगून उतरायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो, तेवढ्यात सगळं ओसरून गेलेलं असतं. "बैठका मारल्या, लगेच मोजलं, १४२ च आहे, काही होत नाही मला," असं म्हणणारा माणूस पूर ओसरल्यावर नाल्याची पातळी बघायला आलेला असतो. जे मोजता येत नाही ते आधीच आवरावं लागतं. आवरण्याची साधनं तीन: दम, ओझं, आणि कुठे थांबायचं ते.

चौथी पायरी: तोंडाने मोजणं

जो माणूस बोलतो आहे त्याचा दम कोंडलेला नसतो. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. प्रत्येक हालचालीत जोर लागतो त्या अर्ध्या भागात अंक मोठ्याने उच्चारायचा. बैठकीतून वर उठताना "एक". खाली जाताना नाकाने श्वास. बाटली वर नेताना "दोन". मनात मोजलेलं चालणार नाही, शेजाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे.

आधी रिकाम्या हातांनी दोन दिवस एवढंच करा. सोपं वाटेल, पण आखाड्यात वाढलेल्या माणसाला नाही. ह्यांचं सातव्या-आठव्या अंकाला ओठ मिटणं चाले आणि मी स्वयंपाकघरातून "आवाज?" म्हणून विचारत असे. गंमत म्हणजे पाढे आमच्याकडे मराठीत म्हटले जातात, पण बैठका हिंदीत मोजल्या जातात. ग्यारह, बारह, तेरह. आखाड्याची भाषा तीच होती.

जड ओझ्याखाली, आपल्या कमाल ताकदीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपलीकडे, दम आपोआपच कोंडतो, कितीही ठरवलं तरी. म्हणून अंक तोंडातून निघेनासा झाला की ओझं जास्त आहे असं समजा आणि कमी करा. वेगळं गणित लागत नाही.

पाचवी पायरी: खुर्चीची बैठक

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर टेकेपर्यंत खाली जा, तोंडाने मोजत उठा. दहा. मग दीड ते दोन मिनिटं आराम, हा काळ घड्याळाने मोजायचा. पुन्हा दहा. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या, तिसऱ्या आठवड्यापासून तीन.

कुठे थांबायचं? अजून दोन-तीन निघाल्या असत्या असं वाटतं तिथे. एकाच फेरीत दाब प्रत्येक उचलीगणिक चढत जातो, शिखर शेवटच्या दोन-तीन उचलींत असतं. त्या सोडून दिल्या तर ताकदीचं फारसं नुकसान नाही आणि रक्तवाहिन्यांची सुटका होते. हजार बैठकांचा हिशेब सांगणाऱ्या जुन्या मल्लांना हे पटणार नाही. आमच्या ह्यांनाही पहिला महिना पटलं नव्हतं, ते शेवटच्या तीन बैठका माझी पाठ वळली की उरकून घेत.

याच पद्धतीने आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून: खुर्चीची बैठक, भिंतीवर हात टेकून जोर, बाटल्या खांद्यापर्यंत दुमडणं, बाटल्या डोक्यावर नेणं, टाचा उचलणं. सुरुवातीला दहा ते पंधराच्या दोन फेऱ्या. बाटल्या डोक्यावर नेताना दाब जास्त चढतो, म्हणून तो प्रकार फेरीच्या मध्ये ठेवा, दमलेल्या शेवटाला नको.

जमिनीवरचे दंड आम्ही सहाव्या आठवड्यापर्यंत लांबवले. दंड मारताना डोकं खाली जातं, डोळ्यांत आणि मेंदूत दाब भरतो, आणि छाती वर काढताना दम कोंडण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो. भिंतीवरचे, मग ओट्यावरचे, मग पलंगाच्या कडेवरचे, अशा उतरत्या पायऱ्यांनी जमिनीपर्यंत या. मुदगल घरात असेल तर हलका घ्या आणि मूठ सैल ठेवायला शिका. फिरवणारे खांदे हलते असतात, पण घट्ट आवळलेली मूठ स्थिर असते. ती एकटीच दाब चढवते, ते पुढच्या पायरीत दिसेल.

सहावी पायरी: मूठ आणि भिंत

इथे घरचं यंत्र खरोखर कामाचं, कारण दाब चढलेला असतानाच मोजता येतो.

टॉवेलची घट्ट गुंडाळी डाव्या मुठीत धरा. एकदा सगळी ताकद लावून दाबा, हे दहा समजा. आता तीनाइतकं दाबा आणि तसंच धरा. उजव्या दंडावर पट्टा, उजवा हात टेबलावर सैल. घड्याळात एक मिनिट होताच यंत्र सुरू करा. मूठ दोन मिनिटांनीच सोडायची. श्वास चालू, पण या वेळी बोलायचं नाही, कारण मापन चालू आहे.

आमच्याकडे खालचा आकडा बसल्या जागी नव्वदच्या पुढे गेला. माणूस खुर्चीत बसलेला, दुसरा हात मोकळा, घाम नाही, धाप नाही. काम करतो आहे तो पसाभर स्नायू. मग एवढं का? आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, त्याचा मळ साचतो, आणि तिथल्या नसा मेंदूकडे तक्रार करतात की दाब वाढवा, रक्त पोचत नाही. १९३७ साली आलम आणि स्मर्क यांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. व्यायाम थांबवताना त्यांनी त्या अवयवाचा रक्तप्रवाह पट्ट्याने बंद केला. स्नायू तर थांबला, पण मळ आत अडकला, आणि पट्टा सुटेपर्यंत दाब चढलेलाच राहिला.

आता उलटी गंमत. हीच मूठ, हीच पकड, आठवड्यातून तीन दिवस नेमाने केली तर आठ-दहा आठवड्यांत बसल्या वेळचा दाब उतरतो. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. त्यात सरासरी उतार असा होता: चालणं-धावणं अशा व्यायामाने सुमारे ४.५/२.५, हलत्या वजनांनी ४.५/३, आणि न हलता धरून ठेवण्याच्या व्यायामाने ८/४. ज्या प्रकाराला डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं दचकत आली तोच पहिला आला. माझा अंदाज असा की दर वेळी थोडा वेळ तुंबवून सोडलेल्या रक्तवाहिन्या सैल व्हायला शिकतात. संशोधकही याच दिशेला बोट दाखवतात, पण सगळी साखळी अजून जुळलेली नाही.

कृती: मूठ दोन मिनिटं धरा, दोन मिनिटं सोडा, अशा चार फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. ताकद तीनच्या वर नाही.

किंवा भिंत. पाठ भिंतीला लावा, पाय भिंतीपासून दोन पावलं पुढे, पाठ घसरवत खाली या, जणू अदृश्य खुर्चीत बसला आहात. मांड्या जमिनीला समांतर आणायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात उंच खुर्चीवर टेकल्यासारखं बसा, इतकं की दोन मिनिटं बोलत काढता येतील. चार फेऱ्या, मध्ये दोन-दोन मिनिटं. दर आठवड्याला दोन बोटं खाली. भिंतीवर खडूने रेघ मारली की भांडण होत नाही. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी मूठच करावी. शाळकरी वयात ज्यांनी वर्गात "खुर्ची"ची शिक्षा भोगली आहे त्यांना ओळख वाटेल. फरक इतकाच की तेव्हा सुटका मास्तरांच्या हातात होती.

इथे मापन नसताना तोंडाने काहीतरी म्हणत राहा. हे भीमरूपी म्हणतात, मी पाढे म्हणते. एकोणतिसाचा पाढा नीट म्हटला तर बराच वेळ जातो.

सातवी पायरी: संपल्यावर

लगेच आडवं व्हायचं नाही, एका जागी खांबासारखं उभंही राहायचं नाही. पाच मिनिटं खोलीत फेऱ्या मारा. व्यायामानंतर रक्तवाहिन्या सैल असतात आणि दाब व्यायामाआधीपेक्षा खाली जातो, तो काही तास तसा राहू शकतो. हा फायदाच आहे, पण गोळ्या घेणाऱ्याला झटकन उठताना चक्कर आणू शकतो. मेमध्ये जबलपूरचा पारा बेचाळिशीला जातो तेव्हा तर फारच, म्हणून उन्हाळ्यात पहाटे आणि पाणी पिऊन.

हिवाळ्यात उलटी खबरदारी. बैठका मारून घाम आला की तसंच ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत बुडी मारायची, ही इथली जुनी मर्दुमकी. गार पाणी कातडीला लागलं की रक्तवाहिन्या एकदम आकसतात. १९३० च्या दशकात मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राउन यांनी नुसता हात बर्फाच्या पाण्यात बुडवून दाब किती उसळतो ते मोजलं होतं, इथे तर आख्खं अंग. नर्मदामाई अर्धा तास थांबेल.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप न थांबणं, अचानक जोराची डोकेदुखी, ठोके चुकल्यासारखे वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा, बसा आणि १०८ ला फोन करा. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत बसू नका. आमच्या ओमतीत व्हिक्टोरिया हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, सगळ्यांचं तसं नसतं.

आठवी पायरी: वही

व्यायामाच्या दिवशी तीनच आकडे: आधी, संपल्यावर दहा मिनिटांनी, आणि तासाने. रोज रोज मोजून उदास होऊ नका. एकाच माणसाचा दाब दिवसात दहा-पंधरा अंक सहज हलतो आणि आपण शोधतो आहोत तो उतार चार ते आठ अंकांचा. तो एका मापनात दिसणारच नाही. आठ आठवडे झाले की दुसऱ्या पायरीसारखा सात दिवसांचा पूर्ण आठवडा पुन्हा मोजा आणि सरासरीशेजारी सरासरी ठेवा. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की तशीच ठेवायची, ते त्यांनी बघावं.

मल्लांच्या हृदयाच्या भिंती जाड होतात का, हा प्रश्न ह्यांनी विचारला होता. १९७५ साली मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी धावपटू आणि कुस्तीगीर यांच्या हृदयांची तुलना करून मांडलं की धावणाऱ्यांचे कप्पे मोठे होतात आणि कुस्तीगिरांच्या भिंती जाड. पुढे त्यावर बरेच वाद झाले. वर्षानुवर्षं दिवसातून तासन् तास घाम गाळणाऱ्यांची ती गोष्ट आहे. दोन बाटल्या आणि एक भिंत यांनी तसं काही होणार नाही, असं मी सांगितल्यावर हे थोडे हिरमुसले.

शेवटची पायरी: टंकी

दाब ओझ्याच्या किलोंवर चढतो त्याहून जास्त, ते ओझं आपल्या ताकदीचा किती हिस्सा आहे त्यावर चढतो. पाय कमावले की तीच तीस किलोंची टंकी शरीराला हलकी पडते आणि तोच जिना कमी दाबात चढला जातो. म्हणून हा प्रयोग नवव्या आठवड्यात करायचा, आधी नाही.

टंकीजवळ उकिडवं बसा, पाठ सरळ, टंकी अंगाला चिकटून. उठताना "एक" म्हणा. दर पायरीला एक अंक, मोठ्याने. प्रत्येक वळणावर टंकी खाली ठेवा आणि चार श्वास घ्या, लाज वाटली तरी. अंक तोंडातून निघेनासा झाला तर टंकी तिथेच ठेवा आणि वरून कोणाला तरी हाक मारा.

ह्यांनी पहिल्यांदा असं केलं तेव्हा गॅसवाला भैया अजून खालीच होता, पावती फाडत. जिन्यातून "सात, आठ, नौ" असा आवाज ऐकून त्याने वर तोंड करून विचारलं, "बाबूजी, क्या गिन रहे हो?" ह्यांना उत्तर देता आलं, त्याच पायरीवर, टंकी हातात असताना. म्हणाले, "सीढ़ी."